कोंबडीचोरांची पेका

मित्रांनो, मी एक जुनी पेका आहे. पेका म्हणजे घमेल्याएवढे लोखंडी झाकण, वरून घुमटासारखे फुगीर. चुलीच्या तापलेल्या दगडावर मांस-बटाट्यांची परात ठेवायची, तिच्यावर मला पालथे घालायचे आणि माझ्या पाठीवर निखारे रचायचे. मग दोन तास मला कोणी हात लावायचा नाही. आत काय चालले आहे, हे त्या दोन तासांत फक्त मला ठाऊक असते. गुपित राखण्याची सवय मला अशी कामातूनच लागली. एक गुपित तर मी शहाण्णव वर्षे राखले. ते कसे फुटले, तेच आज सांगते. जे पाहिले ते पाहिले म्हणून सांगेन आणि जे ऐकले ते ऐकले म्हणून. अंगणाबाहेर मी फारशी गेलेली नाही, त्यामुळे ऐकीव भाग बराच आहे.

माझा जन्म १८९८ सालचा, ब्राच बेटावरच्या पोद्ग्लाव गावातला. लुका लोहाराने मला घडवले. माझ्या डोक्यावर त्याने एक लोखंडी कान ठेवला, त्याला आडवे भोक पाडले आणि त्यात उचलण्यासाठी एक कडी अडकवली. लुकाला लिहिता येत नव्हते, पण श्रेय हवे होते. म्हणून त्याने माझ्या डोक्यावर तीन खाचा मारल्या आणि तशाच तीन कडीवरही. माझ्या जोडीला त्याने परातही बनवली, पण तिच्यावर खाचा मारायला तो विसरला. परात हे कधीच विसरली नाही.

आम्हा दोघींना येरोलिमाच्या वडिलांनी लेकीच्या लग्नासाठी घेतले होते. येरोलिमा माते मारांगुनिचच्या घरात आली ती एका हातात जपमाळ आणि दुसऱ्या हातात मला घेऊन. लग्नाच्या दिवशी माझ्याखाली कोकराचे मांस शिजले. पाहुण्यांनी हाडेसुद्धा चोखून ठेवली. "अशी पेका अख्ख्या बेटावर नाही," असे खुद्द पाद्रीबाबा म्हणाल्याचे मी स्वतः ऐकले. ते तिसऱ्यांदा वाढून घेत होते.

आता आमच्या गावाची एक अडचण सांगितली पाहिजे. गावात मारांगुनिच आडनावाची चौदा घरे, आणि पुरुषांची नावे सगळी मिळून सहा-सात. फ्राने मारांगुनिच अशी हाक मारली तर पाच दारे उघडायची. म्हणून प्रत्येक घराला गावाने एक टोपणनाव दिलेले असते. कोणी 'वाकडे धुराडे', कोणी 'मीठचाटे', कोणी 'उशिरा उठणारे'. चर्चच्या वहीत ही नावे नसतात, पण पत्रे त्याच नावाने पोचतात. माणूस गेला की चौकातल्या फळीवर त्याच्या मृत्यूचा कागद लावतात, त्यावरही कंसात टोपणनाव असते. नाहीतर कोण गेले हे गावाला कळायचे कसे? आमच्या घराला येरोलिमामुळे 'जपमाळवाले' म्हणत. गावाची प्रार्थना तीच सांगायची.

१९२३ साली एका दुपारीत आम्ही 'कोंबडीचोर' झालो.

तेव्हा द्राक्षवेलींच्या मुळांना कीड लागून सगळे मळे वाळले होते. माझ्याखाली वर्षभर मांस आले नव्हते. आले ते बटाटे, आणि नंतर नुसता रानातला पाला. येरोलिमाचे तीन मुलगे होते: फ्राने, दिंको आणि धाकटा याकोव्ह. तिघांना पुरेल इतकी जमीन उरली नाही, म्हणून याकोव्हने चिली देशाला जाणाऱ्या बोटीचे तिकीट काढले. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी माझ्याखाली एक कोंबडी शिजली. पांढरी, लठ्ठ कोंबडी. आमच्या घरात कोंबड्या नव्हत्या. शेजारी पाद्री शिमुन यांच्याकडे होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाद्री दारात उभे राहिले. त्यांच्या हातात तीन पांढरी पिसे होती आणि मागे निम्मे गाव होते. "कोणी केलं हे?" त्यांनी विचारले. याकोव्ह पुढे आला आणि म्हणाला, "मी." तासाभराने तो बंदराकडे निघाला. निघण्यापूर्वी चुलीपाशी येऊन त्याने पकडीने माझी कडी काढली आणि खिशात टाकली. का, ते त्याने मला सांगितले नाही. भांड्यांना कोणी कारणे सांगत नाही. त्यानंतर मला वायरचा एक आकडा बसवला गेला आणि घराला नवे नाव.

कोंबडी खरोखर कोणी चोरली, ते मी पाहिले आहे. पण झाकण वेळेआधी उचलायचे नसते. थोडे थांबा.

येरोलिमा गेल्यावर फ्राने आणि दिंको यांनी १९३१ साली वाटणी केली. वरचे घर फ्रानेला, खालचे दिंकोला. एका जैतुनाच्या झाडाच्या पूर्वेकडच्या फांद्या फ्रानेला, पश्चिमेकडच्या दिंकोला. पेका फ्रानेला, परात दिंकोला. येरोलिमाचा एकच फोटो होता. त्याची दुसरी प्रत काढून दोन्ही घरांत लावली. टोपणनाव मात्र कोणीच घेतले नाही. वरचे म्हणत, कोंबडीचोर खालचे. खालचे वर बोट दाखवत. गाव दोघांनाही म्हणत असे.

तरी सणासुदीला परात दोन घरांमधल्या दगडी गडग्यावरून वर यायची किंवा मी खाली जायची, आणि शिजायचे. असे १९८९ पर्यंत चालले. त्या वर्षी नव्वदीचा फ्राने वारला. त्याचा मुलगा बेपो कागद छापायला गेला आणि म्हणाला, "कंस नको. नुसतं नाव छापा." परिणाम असा झाला, की निम्मे गाव 'वाकडे धुराडे' घराच्या फ्राने मारांगुनिचकडे सांत्वनाला गेले. तो फ्राने अंडे खात बसला होता. बायकांनी त्याच्या बायकोच्या गळ्यात पडून रडायला सुरुवात केली, तेव्हा ती बिचारी आत जाऊन नवरा आहे का हे बघून आली.

दफनाच्या वेळी दिंकोची मुलगी मांदिना बेपोला म्हणाली, "कंसात कोंबडीचोर लिहिलं असतंस, तर काका असा एकटा गेला नसता."

"कोंबडीचोर तुम्ही!" बेपो म्हणाला. "आजी येरोलिमाचं रक्त कुणात असेल तर ते माझ्यात!"

"आजीचं रक्त? आजीचं फक्त नाक आलंय तुझ्याकडे, आणि तेही ती गेल्यावर कुणी वापरलं नव्हतं म्हणून!"

त्या दिवसापासून ही चुलत भावंडे एकमेकांशी बोलेनाशी झाली. मित्रांनो, परात नसलेल्या पेकेचे काय करतात? मला अंगणात उलटे ठेवून माझ्यात कोंबड्यांसाठी पाणी भरले गेले. ज्या पेकेने कोंबडी शिजवली, तिच्यात कोंबड्या पाय धुऊ लागल्या. परात खालच्या घरात गळक्या पाइपाखाली गेली, असे ऐकले. आम्ही दोघी तीस वर्षे पाणी सांभाळत होतो, एक वर आणि एक खाली.

मांदिनाची एक पांढरी कोंबडी होती. ती रोज गडगा ओलांडून माझ्यावर येऊन बसायची. त्यामुळे बेपोची सोय झाली. मांदिनाला काही सुनवायचे असले, की तो कोंबडीला सुनवायचा.

"ए बये, तुझ्या मालकिणीला सांग, तिची अंजिराची फांदी माझ्या छतावर आली आहे."

खालून मांदिना आपल्या गळक्या पाइपाला म्हणायची, "ऐकलंस का रे? काही लोकांना सावलीसुद्धा सहन होत नाही."

अशी एकूण शांतता होती.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये, बुधवारी, पोस्टवाली नेद्येल्का एका मुलीला घेऊन अंगणात आली. मुलगी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, पाठीवर मोठी पिशवी. नेद्येल्का म्हणाली, "बार्बा बेपो, ही पाउलिना. चिलीहून आली आहे, पुंता आरेनासहून. पुढचं तिच्याच तोंडून ऐका. मी सकाळपासून दोनदा ऐकलं, मला झेपत नाही."

आमच्याकडे वयस्कर पुरुषाला बार्बा म्हणतात आणि बाईला तेता. पाउलिनाने हात जोडले आणि म्हणाली, "देव तुम्हांस उदंड आयुष्य देवो, बार्बा. कोंबडीचोरांचे घर कोठे आहे, एवढे सांगाल तर उपकार होतील गा."

बेपोने टोपी काढली. एक्याऐंशी वर्षांचा माणूस तो, पण असे बोलणे त्याने शेवटचे ऐकले होते ते शाळेत जाण्याआधी. पाउलिनाचे आजोबा आपल्या वडिलांकडून आमची बोली शिकले आणि ती आजोबांकडून. शंभर वर्षांत आम्ही बोली बदलली, त्यांनी जपून ठेवली होती. जीन्स घातलेल्या मुलीच्या तोंडून आमच्या मेलेल्या आज्या बोलत होत्या.

पण शब्द कानात शिरताच बेपोने टोपी पुन्हा घातली.

"कोंबडीचोर? ते खाली. पायऱ्या उतर, हिरवं दार."

पाउलिना उतरली. खालून मांदिनाचा आवाज आला, "कोण म्हणालं? त्यानं? पोरी, वर जा परत. आणि त्याला म्हणावं, आरशात बघ."

पाउलिना वर आली. तिला पुन्हा खाली पाठवले गेले. बुधवार आणि गुरुवार मिळून ती पायऱ्या अकरा वेळा चढली-उतरली. मी मोजल्या, मला दुसरे काम नव्हते. मध्ये ती चर्चची वही बघून आली. वहीत याकोव्हच्या जन्माच्या आसपासच्या दहा वर्षांत जन्मलेले चार याकोव्ह मारांगुनिच होते आणि चौघेही चिलीला गेले होते. शनिवारी सकाळी तिची फेरीबोट होती. आणि पुंता आरेनासमध्ये तिचे चौऱ्याऐंशी वर्षांचे आजोबा दर सकाळी फोनवर एकच प्रश्न विचारत होते: घर सापडले का?

गुरुवारी संध्याकाळी ती आमच्या अंगणात गडग्याला टेकून बसली आणि नेद्येल्काला म्हणाली, "आजोबांस डॉक्टर म्हणतात, आता प्रवास करणे नाही. ते म्हणतात, माझा बाप कोणत्या घरचा, एवढे कळले की झोप येईल. मी काय सांगू त्यांस? की ह्या नावाचे कोणी नाहीच?"

"आहेत गं," नेद्येल्का हळू म्हणाली. "दोन आहेत. दोघंही गाढवं आहेत."

पाउलिनाने पिशवीतून काहीतरी काढले आणि हातात फिरवत बसली. लोखंडी कडी होती. "पणजोबांनी इथून नेलेली. कशाची, ते आम्हांस ठाऊक नाही. घराच्या दाराला लावून आम्ही ती ठोठावत असू."

मित्रांनो, मी तिच्यापासून चार हातांवर होते. माझे डोके खाली, मातीत, आणि पोटात पाणी. ओरडावेसे वाटले. पण लोखंडाला कोणीतरी वाजवावे लागते.

त्या पांढऱ्या कोंबडीवर मी तीस वर्षे... म्हणजे तिच्यावर आणि तिच्या आधीच्यांवर... फार राग धरला आहे. तो मी आज परत घेते. नेहमीप्रमाणे ती गडग्यावरून उडी मारून माझ्या काठावर बसली, पण त्या दिवशी पाउलिनाच्या पिशवीला दचकली आणि जोरात फडफडली. मी कलंडले. पाणी पाउलिनाच्या बुटांवर गेले आणि मी काठावर उभी राहून थेट पायऱ्यांकडे घरंगळले. सतरा पायऱ्या आहेत. प्रत्येकीवर मी वाजले. चर्चची घंटा इतकी कधी वाजली नसेल. खाली मांदिनाच्या दारापाशी मी पालथी पडले, डोके वर करून.

मांदिना बाहेर आली. बेपो धापा टाकत उतरला. पाउलिना त्याच्या आधी पोचली होती. माझ्या डोक्यावरचा वायरचा आकडा तुटला होता आणि भोक मोकळे दिसत होते. शेजारी लुकाच्या तीन खाचा. तिने आपल्या हातातल्या कडीकडे पाहिले. तिथेही तीन. तिने कडी भोकात घातली. शहाण्णव वर्षांनी ती जशीच्या तशी बसली. थोडी कुरकुरली, पण ते वयोमानाप्रमाणे.

बेपोने घसा साफ केला.

"ठीक आहे. म्हणजे याकोव्हकाका आमचा. पण चोरी केली त्यानं, आणि गेला चिलीला. नाव त्याच्याबरोबर गेलं. म्हणजे कोंबडीचोर..." त्याने पाउलिनाकडे बोट केले, "...तुम्ही!"

मांदिनाने तीस वर्षांत पहिल्यांदा बेपोच्या म्हणण्याला मान डोलावली.

"आम्ही आहोतच," पाउलिना म्हणाली. "आमच्या दारावर तशी पाटीसुद्धा आहे. पण चोरी पणजोबांनी केली नाही. मरताना त्यांनी आजोबांस सांगितले. ती त्यांच्या आईने केली."

मित्रांनो, आता झाकण उचलायची वेळ झाली. ते खरे आहे. मी पाहिले. भर दुपारी, गाव झोपलेले असताना, येरोलिमा मागच्या दाराने पाद्रीबाबांच्या अंगणात गेली आणि एप्रनखाली कोंबडी घेऊन आली. कोंबडीचा आवाज ऐकू जाऊ नये म्हणून ती मोठ्याने प्रार्थना म्हणत होती. 'आमेन' म्हणताना तिने मान पिरगळली. मग कोंबडी माझ्याखाली ठेवून ती चुलीपाशी बसली आणि रडली. "पाला खाऊन माझं पोर समुद्रावर जाणार नाही," एवढेच ती म्हणाली. याकोव्ह दारात उभा होता. त्याने ते ऐकले.

"ते म्हणत," पाउलिना सांगत होती, "आई मोठ्याने प्रार्थना म्हणत कोंबडी घेऊन आली. तिचे नाव खराब झाले असते, तर ती गावात जगली नसती. मी तर निघालोच होतो. मला नाव कसलेही चालले असते. आणि ही कडी नेली, कारण आई पेका उचलताना हिलाच धरी."

कडीची एक बाजू झिजलेली होती. मांदिनाने तिथे अंगठा ठेवला. बराच वेळ काढला नाही.

मग ती म्हणाली, "आजी? पाद्रीबाबांची कोंबडी?"

"तुझी आजी," बेपो घाईने म्हणाला.

"आता माझी? तीस वर्षं तिचं रक्त तुझ्यात होतं ना? आटलं?"

बेपोने वरच्या घराच्या खिडकीकडे पाहिले. तिथून येरोलिमाच्या फोटोचा कोपरा दिसतो. त्याचा आवाज खाली आला. "पोरासाठी केलं तिनं."

"पोरासाठीच केलं. आणि एवढी धीट बाई माझी आजी होती, हे मी कुणापुढंही सांगेन. तुला लाज वाटत असेल, तर तू 'मीठचाटे' हो."

"लाज? मला? माझा बाप थोरला! कोंबडीचोर नाव आधी आमचं, मग तुमचं!"

"पेका वर, म्हणून नाव वर? कोंबडी परातीत होती, परातीत! ती माझ्याकडे आहे!"

नेद्येल्का पायरीवर बसली. "तीस वर्षं बोलत नव्हते, तेच बरं होतं," ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी परात गळक्या पाइपाखालून बाहेर निघाली. तिला राख आणि वाळूने घासले, मलाही. बेपोने द्राक्षवेलीच्या काटक्या पेटवल्या. परात चुलीच्या दगडावर आली, तीस वर्षांनी भेटलो, तर तिचे पहिले वाक्य, अर्थात आमच्या भाषेत, असे होते: "तुझ्यावर अजून त्या तीन खाचा आहेत वाटतं." कोंबडी, बटाटे, रोझमेरीची फांदी. माझ्या पाठीवर निखारे आले. दोन तास मला कोणी हात लावला नाही. बेपोने एकदा प्रयत्न केला, मांदिनाने चिमट्याने त्याच्या बोटांवर मारले.

वेळ झाली तेव्हा पाउलिनाने फोन लावला. पुंता आरेनासमध्ये सकाळचे आठ वाजले होते. ती मोठ्याने म्हणाली, "आजोबा, ऐकता ना? येरोलिम आजोबा?"

बेपो आणि मांदिना दोघेही थबकले. "काय नाव म्हणालीस?" मांदिनाने विचारले.

"येरोलिम. पणजोबांनी आपल्या आईचे नाव ठेवले."

मांदिनाने एप्रनने डोळे पुसले आणि त्याचा दोष धुराला दिला. बेपोने फडके गुंडाळून कडी धरली आणि मला उचलले. कडी माझ्यावर आपटून ठण्ण वाजली. वाफ वर गेली. फोनमधून एक जुना, खरखरीत आवाज म्हणाला, "हा आमच्या दाराचा आवाज."

आणि थोड्या वेळाने, "कोणाचे घर हे?"

"कोंबडीचोरांचं!" दोघे एकदम ओरडले, आणि आधी कोण ओरडले यावरून पुन्हा भांडले. पलीकडे म्हातारा हसत होता. पाउलिनाला वाटले होते की तो रडेल. तिने मला तसे सांगितले नाही, पण तिचा चेहरा मी खालून पाहिला.

जेवण संपता संपता मांदिनाने विचारले, "बेपो, कोंबडी छान होती. आणलीस कुठून?"

बेपो हाड चोखत राहिला. मांदिना उठली, गडग्यापाशी गेली आणि खालच्या अंगणात मोजू लागली. पांढरी होती. तांबडी नव्हती. गडग्याच्या आमच्या बाजूला तीन तांबडी पिसे पडली होती.

"आज सकाळी हा माणूस मोठ्याने प्रार्थना म्हणत फिरत होता," ती सावकाश म्हणाली. "बेपो आणि प्रार्थना! मला तेव्हाच कळायला हवं होतं."

आता मी चुलीजवळच्या खुंटीवर असते, सहा महिने वरच्या घरात, सहा महिने खालच्या. परात माझ्याबरोबर फिरते आणि बोलते. बेपोने आपल्या मृत्यूच्या कागदाचा मजकूर आधीच छापखान्यात देऊन ठेवला आहे. कंस ठळक अक्षरांत आहे. तो कागद चौकात लावायची कोणाला घाई नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुठेतरी एखादे जुने भांडे उलटे पडलेले असेल. त्यातले पाणी ओता आणि त्याला सरळ करून बघा. घरात एखादे नाव असेल, जे कोणीच आपले म्हणत नाही, तर ते पहिल्यांदा कोणी घेतले आणि कोणासाठी, एवढे विचारा. मला घासाल तर वाळूने घासा. आणि पाठीवर निखारे असताना कृपा करून मध्येच उचलून बघू नका. वेळ झाली की मी स्वतःच सांगेन.